गुरगुर

शेरा गुरगुरला की दादा त्याच्यावर हात उगारायचा. जेवताना कुणी जवळ गेलं, झोपेत कुणाचा पाय लागला, की त्याच्या घशातून बारीक आवाज निघे. "मालक कोण ते त्याला कळलंच पाहिजे," हे दादाचं ठाम मत. पुढे तो आवाज बंद झाला आणि कुत्रं वळणावर आलं म्हणून दादा खूश झाला.

श्रावणात ताईचा मुलगा चिपळूणला आला होता. शेराचं डोकं मांडीवर घेऊन तो कान कुरवाळत बसला होता, आणि शेराने त्याच्या मनगटाला दात लावला. रक्त आलं नाही, खरचटलं. हात १५ मिनिटं साबण लावून नळाखाली धरला. शेराची लस झालेली होती, तरी डॉक्टरांनी मुलाला रेबीजची इंजेक्शनं सुरू केली: पहिलं त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

घरात लगेच निवाडा सुरू झाला. एकदा चावलेलं कुत्रं पुन्हा चावणारच, कुंभार्ली घाटात सोडून या, असंही कुणी म्हणालं. मला संताप आला. पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला टाकणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी आठ वर्षं घरात वाढलेल्या जीवाला कारण न शोधता टाकायचं?

आमचे जनावरांचे डॉक्टर आधी काही बोललेच नाहीत. त्यांनी शेराचा कान उलटून वास घेतला. आंबूस वास, आत लालबुंद, तपकिरी मळ. लॅब्रॅडॉरचे कान लोंबते, आत वारा जात नाही. कोकणातल्या पावसात तिथे ओल राहते आणि एरवी कानात निमूट असणारं यीस्ट बेसुमार वाढतं. "दुखऱ्या दाढेवर कुणी चमचा आपटला तर तुम्ही काय कराल?" त्यांनी दादाला विचारलं.

दुखणं कळलं, पण मला वेगळाच प्रश्न छळत होता. हा आधी गुरगुरला का नाही?

उत्तर ताईच्या मोबाइलमध्ये होतं. ती त्या वेळी व्हिडिओ काढत होती. मी तो आवाज बंद करून पुन्हा पुन्हा पाहिला. शेरा मान वळवतो. ओठ चाटतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. मग डोळ्यांच्या कडांना पांढरं दिसू लागतं, अंग ताठ होतं, आणि चावतो. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी कुत्र्याच्या या खुणांची शिडी मांडली आहे. तिच्यात चावणं सगळ्यात वरच्या पायरीवर येतं आणि गुरगुरणं त्याच्या थोडं खाली. आमचा शेरा यातल्या कितीतरी पायऱ्या चढला होता, पण गुरगुरण्याची वगळून. ती मार खायची पायरी आहे, हे त्याला पक्कं शिकवलं होतं.

दादाची मालकीची कल्पना जुनी आहे. बंदिस्त लांडग्यांच्या झुंजी पाहून ती रुजली. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. मी हे दादाला वाचून दाखवलं. तो गप्प राहिला, पण हात उगारणं थांबलं, आणि ते त्याच्यासाठी सोपं नव्हतं.

कानात थेंब घालणं, तो साफ करणं, पावसातून आल्यावर कोरडा करणं. कान बरा झाला. शेराचं अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेवरून कोपऱ्यात नेलं. जेवताना त्याच्या जवळ जायचं नाही, असं मोलकरणीपासून आजीपर्यंत सगळ्यांना सांगितलं. मग एकदा दादा भांड्यापाशी वाकला आणि तो बारीक आवाज पुन्हा आला. दादा दोन पावलं मागे सरला.

ताईचा मुलगा दिवाळीत परत येतोय. त्याला मी फोनवर सांगून ठेवलंय, शेराला हाक मार आणि जागेवर बस. तो आपणहून आला तर छातीला खाजव, मान फिरवली तर हात मागे घे.