पंधराशे आरपीएमची जादू

दिवाळीच्या मागेपुढे आमच्या जालना जिल्ह्यातला राजूर ते केदारखेडा हा रस्ता कापसाचा असतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर आलेला कापूस आणि मागे दिव्याचा पत्ता नाही. अशा ट्रॉलीमागे अडकलं की पुढे निघायला मोकळी जागा मिळते ती चार-पाच सेकंदांची. तेवढ्यात गाडीनं उसळी घेतली तर घेतली, नाहीतर पुढच्या वळणापर्यंत तुम्ही आणि ट्रॉली. माझी आधीची गाडी १.२ लिटरची साधी हॅचबॅक. गुणी गाडी, पण अशा वेळी दोन गिअर खाली टाकून, इंजिन बोंबलेपर्यंत पिळून, मनात राजुरेश्वर गणपतीचं नाव घेऊन निघावं लागायचं.

आता नाही! आता तिसऱ्या गिअरमध्ये पाय नुसता टेकवायचा. अर्धा क्षण काहीच होत नाही, मग बॉनेटखालून बारीक शीळ ऐकू येते, आणि शंकरपटात कासरा सैल सोडल्यावर खोंड सुटतो तशी गाडी सुटते. ट्रॉली आरशात जाते. समोरचा ट्रक अजून लांबच असतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी एकटाच गाडीत मोठ्यांदा हसलो होतो, आणि खरं सांगतो, अजूनही रोज हसतो.

गाडी आहे स्कोडा लॉरा आरएस, २०१२ची, पुण्याहून घेतलेली, एमएच-१२ पासिंग. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १६० पीएस ताकद, सहा गिअर, तेही हातानं टाकायचे. पण हे आकडे बाजूला ठेवा. खरा आकडा आहे टॉर्कचा, म्हणजे ओढीचा. २५० न्यूटन मीटर, आणि तो मिळायला लागतो पंधराशे आरपीएमपासून! माझ्या जुन्या गाडीची ओढ होती ११५च्या आसपास, तीसुद्धा चार हजार आरपीएमला. म्हणजे दुपटीहून जास्त जोर, आणि तो इंजिन निवांत फिरत असतानाच हजर. हे कळलं त्या दिवशी मला वाटलं, ही चीज तर आमच्याच रस्त्यासाठी बनवलीय.

टर्बोचं कामकाज समजून घेतलं तेव्हा तर मी थक्क झालो. सायलेन्सरमधून जो गरम वायू फुकट जातो, त्याच्या वाटेत एक पंखा बसवायचा. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, जो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. तो दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर! दाबलेली हवा तापते म्हणून तिला थंड करायला मध्ये इंटरकूलर. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं याचं पेटंट १९०५ साली घेतलं. अमेरिकेत विक्रीच्या मोटारगाड्यांत तो १९६२ साली आला, ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेअर मोंझात. जे वाया जातंय त्याच्यावरच जोर काढायचा, ही कल्पना ज्याच्या डोक्यात आली त्याला माझा साष्टांग नमस्कार.

मला आधी हवी होती दोन दारांची कूपे. पुण्यात एक जुनी ऑडी टीटी पाहूनही आलो. काय ते रूप! छताची ती रेघ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पण मागच्या सीटवर अण्णांचे गुडघे मावले नसते, आणि आईला डॉक्टरकडं न्यायचं तर तिला जवळजवळ जमिनीवर बसवावं लागलं असतं. रोजची गाडी घरातल्या सगळ्यांची असते. लॉरा आरएसला दारं चार, शिवाय मागची डिकी काचेसकट वर उघडते. ठिबकच्या नळीचं वेटोळं आडवं टाकलं, वर मोसंबीचे दोन क्रेट ठेवले, तरी जागा उरली. आणि आरएस हे नाव उगाच चिकटवलेलं नाही. स्कोडाची १३० आरएस ही दोन दारांची छोटी कूपे १९७७च्या माँटे कार्लो रॅलीत १३०० सीसी गटात पहिली आली होती. तेच रक्त आहे हे.

शिवाय ही गाडी परकी नाहीच! जालन्याहून बदनापूर, करमाड करत संभाजीनगरला निघालं की शेंद्रा एमआयडीसी लागते. तिथं स्कोडाचा कारखाना आहे, २००१पासून. लॉरा तिथंच जोडली जायची. म्हणजे माझी गाडी शेंद्र्यात जन्मली, पुण्यात वाढली आणि आता मराठवाड्यात परत आली. लोकांना वाटतं भारी गाड्यांचा नाद फक्त मुंबई-पुण्याचा. ऑक्टोबर २०१०मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या लोकांनी, जवळपास ६५ कोटींच्या. आपल्याकडं नाद पहिल्यापासून आहे.

जुनी टर्बो घेताना काय बघायचं हे मला गॅरेजवाल्या मित्रानं शिकवलं, आणि ते बघणं हाच एक सोहळा होता. त्यानं मालकाला आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं, ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ कारण थंड इंजिन खोटं बोलत नाही. या पिढीच्या इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर ढिला पडू शकतो, आणि पडला तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड ऐकू येते. आम्ही दोघं बॉनेटवर वाकून, श्वास रोखून उभे. चावी फिरली. खडखड नाही! मग त्यानं सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवून माझ्यापुढं धरलं. काळी काजळी, पण कोरडी. तेलकट असती तर टर्बोचं सील किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्याचा संशय घ्यायचा. इंटरकूलरचे पाइप जोडांपाशी चाचपले, स्कॅनर लावून जुने फॉल्ट कोड वाचले, टायरवरचे चार अंक बघितले. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. सगळ्यात शेवटी सर्व्हिसची बिलं. ऑइल दरवेळी पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, कुठंही खाडा नाही. तो म्हणाला, ‘भाऊ, घेऊन टाक.’

कागदांचं काम सरळ होतं. पुण्याच्या आरटीओची एनओसी, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, विमा नावावर, मग जालन्याला नोंद. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, त्यामुळं पाटी एमएच-१२चीच राहिली.

घरी आणली तेव्हा आईनं चाकाखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं. अण्णा दोनदा भोवती फिरले आणि म्हणाले, ‘लई खाली बसलीय रे, आपल्या गतिरोधकावर घासंल.’ घासत नाही, अण्णा. तिरकी घातली, एक चाक आधी, एक नंतर, की अलगद जाते. दुसऱ्या दिवशी त्यांना पूर्णेच्या पुलाकडं घेऊन गेलो, पुढं रस्ता मोकळा बघून दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला. अण्णांनी वरचं हँडल धरलं, काही बोलले नाहीत. वळून परत आलो तर म्हणाले, ‘अजून एकदा दाखव.’

रोज जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत जातो तो हिच्यातूनच. आणि मला उमगलंय की टर्बोला गावच मानवतं! थंड ऑइलवर टर्बोला ताणायचं नसतं. आमच्या गल्लीतून निघताना शेरडं, पोरं, पाण्याचे टँकर यांच्यातून हळूच जावं लागतं, हमरस्त्याला लागेतो ऑइल तापलेलं असतं. तापलेला टर्बो एकदम बंद करायचा नसतो. परत येताना शेवटचा टप्पा पुन्हा त्याच गल्लीचा, दारात येईतो तो निवलेला असतो. शहरात सिग्नल ते सिग्नल रांगणाऱ्याला यातलं काय मिळत असेल? लिटरला अकरा-बारा देते. जुन्या गाडीपेक्षा कमी, हे खरं. मी ते पैसे आनंदानं मोजतो.

समृद्धी महामार्गावर तर निराळाच अनुभव. सहावा गिअर, १२०ची मर्यादा, आणि इंजिन एवढं शांत की मागे बसलेल्या आईशी नेहमीच्या आवाजात बोलता येतं. पण खरं सांगू, मला सहाव्यापेक्षा तिसरा प्यारा. राजूरच्या पुढची ती वळणं, पुढं ट्रॉली, समोर चार-पाच सेकंदांची मोकळी जागा.

कुणाला जुनी टर्बो घ्यायची असेल तर हातानं टाकायच्या गिअरची बघा, बिलांची अख्खी फाइल असलेली बघा आणि सकाळी थंड असताना बघा. मन होत नसेल तर चतुर्थीची गर्दी सोडून कोणत्याही रविवारी राजूरला या. तिथून केदारखेड्यापर्यंत स्टिअरिंग तुमच्या हाती देतो.