बेलफास्टचा रोरी

मुलांनो, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात कधी गेलात, तर बेडफर्ड स्ट्रीटवरच्या अल्स्टर हॉलपाशी जरूर थांबा. गिटार वाजवणाऱ्या माणसाचा ब्राँझचा पुतळा दिसेल. हा रोरी गॅलहर. (स्पेलिंगमधला मधला ‘जी’ उच्चारायचा नाही, बरं का!)

रोरी खरं तर इथला नव्हे. १९४८ साली जन्मला बॅलीशॅननला आणि वाढला कॉर्कमध्ये. तिथेच १९६३ मध्ये, १५ वर्षांचा असताना, त्यानं १०० पौंडांची गिटार हप्त्यांवर घेतली. १०० पौंड म्हणजे तेव्हा केवढी रक्कम! ती इतकी वाजवली, इतकी वाजवली, की घामानं तिचा रंगच उडाला. लाकूड दिसू लागलं, तरी त्यानं ती सोडली नाही.

मग पुतळा बेलफास्टला का? १९७० नंतर इथे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांमधलं वैर विकोपाला गेलं होतं. रस्तोरस्ती सैनिक, आज इथे बॉम्ब तर उद्या तिथे. बाहेरचे कलाकार फिरकेनात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? रोरी मात्र येत राहिला. त्या रात्री दोन्हीकडची पोरं याच हॉलमध्ये खांद्याला खांदा लावून उभी राहायची.

१९९५ साली, अवघ्या ४७व्या वर्षी, रोरी गेला. ती पोरं आता आजोबा झाली असतील. पुतळ्यासाठी चाहत्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अखेर २०२५च्या जानेवारीत तो उभा राहिला. रोरीही इथे बऱ्याचदा नव्या वर्षाच्या थंडीतच यायचा.