रस्त्याला लागलेलं दार

नवा ले-आउट हातात आला की मी आधी तळमजला बघतो. वर चार मजले असोत नाहीतर चौदा, पायी जाणाऱ्याचा संबंध तळमजल्याशीच. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा कसब्यात तो रस्त्याला लागूनच असतो. वाण्याचं दुकान, शेजारी पिठाची गिरणी, मधूनच एखाद्या वाड्याचा दिंडी दरवाजा आणि वर बिऱ्हाडं. गिरणीत डबा ठेवायचा, दळण होईतो भाजी घ्यायची, वाण्याकडची यादी उरकायची आणि येताना डबा उचलायचा. एका फेरीत तीन कामं होतात, म्हणून गाडी काढावीशी वाटत नाही. हौसेने फिरायला जाणं निराळं. मला वस्तीत हे कामाचं चालणं हवं असतं.

नव्या वस्तीत आधी कुंपणाची भिंत, मग सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, मग खांबांमधलं पार्किंग. भिंतीच्या कडेने कितीही चाला, दार लागत नाही. रात्री तिथून एकटं जायला बायकांना भीती वाटते. हाक मारली तर ऐकायला कोणी नसतं.

हे सामासिक अंतर उगाच आलेलं नाही. 1896 साली मुंबईत प्लेग आला, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि खोल्यांत उजेड यावा म्हणून त्याने इमारतींमध्ये मोकळी जागा सोडायला लावणारा 63.5 अंशांचा नियम लावला. पेठांतल्या अंधाऱ्या, ओल धरलेल्या खोल्या मी पाहिल्यात. त्यांचे गोडवे मला गाववत नाहीत. पण पुढून उजेड द्यायला रस्ता असतोच. मोकळी जागा मागे आणि बाजूला सोडा, पुढचं दार रस्त्यावर येऊ द्या.

विकासक विचारतात, तळमजल्यावर दुकानं काढली तर आतल्या गल्लीतल्या गाळ्याला गिऱ्हाईक कुठलं? प्रश्न रास्त आहे. एका सोसायटीच्या जिवावर गिरणी चालत नाही. तिला चारशे मीटरच्या, म्हणजे पाचेक मिनिटांच्या टप्प्यातली सगळी घरं लागतात, आणि ती घरं टप्प्यात येतात बोळांमुळे. पेठेत अशा बोळातून पलीकडच्या रस्त्याला निघता येतं. आपल्या सोसायट्यांना फाटक एकच, त्यामुळे पाठीला पाठ लावून असलेल्या दोन इमारतींतही मोठा वळसा पडतो.

म्हणून गाळ्यांच्या आधी मी बोळ मागतो: दोन्ही टोकांना उघडा, दिवा असलेला, कोपऱ्यावर एखाद्या दुकानाचं दार असलेला. बैठकीत सुरक्षेच्या नावाने पहिली कात्री त्यालाच लागते. बाकी पुष्कळ गोष्टी मी सोडून देतो. बोळ सोडत नाही.