पदवी आणि पत्राचा समास

बांदा,
श्रावण

चि. बाळ यास,

तेरेखोलचे पाणी यंदाही बाजारपेठेत शिरून ओसरले. त्या गडबडीत उत्तरास विलंब झाला. यंत्रविद्येची पदवी घेतलेल्या मुलाने दोडामार्गच्या काजू कारखान्यात भाजणी-फोडणी पाहत दिवस काढावेत, म्हणजे पदवी फुकटच गेली, असा भाऊजींचा शेरा तू कळविला आहेस. हयात मामलेदार कचेरीत घालविलेल्या मला शेऱ्याचे मोल ठाऊक आहे. तो मारणाऱ्याने मिसल वाचलेली असतेच असे नाही.

अशा प्रसंगी लोक डॉ. श्रीराम लागूंचे नाव घेतात. कान-नाक-घशाच्या या शल्यचिकित्सकाने १९६९ साली वैद्यकी सोडून रंगभूमी पत्करली आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ उभा केला. दाखला खरा, परंतु तुझ्या प्रकरणास तो लागू पडत नाही, कारण नाटकाची ओढ त्यांना विद्यार्थिदशेपासून होती, आणि काजूच्या टरफलाची ओढ घेऊन कोणी जन्मास येत नाही. ज्या कामाची आवड असण्याचे काहीच कारण नव्हते, त्यात आयुष्य सार्थकी लावणारा माणूस तुला दाखवावयास हवा, आणि तो आपल्याच मुलखात होऊन गेला.

सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पा पटवर्धन यांचा जन्म १८९४ चा. एम. ए. होऊन काही काळ महाविद्यालयात शिकविलेल्या, गांधीजींची आत्मकथा मराठीत आणणाऱ्या या विद्वानाने पुढील आयुष्य मैला साफ करण्यात, मेलेल्या गुरांची कातडी सोलण्यात आणि संडास बांधण्यात वेचले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम मागितले, तेव्हा ते उच्चवर्णीयाचे काम नव्हे, या सबबीवर त्यांचा अर्ज नामंजूर झाला. अप्पांनी अन्न कमी केले, येरवड्याच्या कैदेतून गांधीजींनी त्यांच्यासाठी उपोषण आरंभिले, आणि मग सरकार नमले. एरवी हुकूम फिरावयास सरकारी दप्तरात किती काळ लागतो, हे मी जाणतो!

तरीही या प्रसंगाहून १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापन झाल्यानंतरचे त्यांचे काम मला थोर वाटते. स्वतः मैला उचलल्याने आपले मन शुद्ध होत असेल, परंतु जो पिढ्यान्‌पिढ्या तो वाहत आला त्याच्या डोक्यावरची पाटी तेवढ्याने उतरत नाही, हे ओळखून, मैल्यावर माती व पालापाचोळा पडत जावा, एक कप्पा भरला की दुसरा वापरात यावा आणि पहिल्यातील घाणीचे खत होईपर्यंत तिला कोणाचा हात लागू नये, अशा रचनेचा संडास त्यांनी खेड्यांसाठी सिद्ध केला. गोबर-गॅसच्या खटपटीतही ते पडले. मला त्यांचा एम. ए. दिसतो तो येथे. एकदा समतेचे प्रमेय मान्य केल्यावर त्याची सिद्धता संडासाच्या विटांपर्यंत नेल्यावाचून न थांबणे, ही जन्मभर पुरलेली विद्याच होय.

पदवी सोडणारे सगळेच अप्पा नसतात, हेही सांगून ठेवतो. पुष्कळांना नवा मार्ग नको असतो, जुन्याचा जाच तेवढा चुकवावयाचा असतो. नव्याचा पहिला कंटाळा आला की ते तिसरा धुंडाळू लागतात. तुझ्याविषयी मला ती धास्ती वाटली नाही, त्याचे कारण तुझ्याच पत्राच्या समासात आहे. टरफलातील तेलाने बिया फोडणाऱ्या बायांचे हात पोळतात, राख चोळूनही कातडी जाते, म्हणून फोडणी-यंत्राची मूठ तू दोनदा बदलून पाहिलीस आणि अद्याप मनासारखी जमली नाही, असे तू तेथे बारीक अक्षरांत लिहिले आहेस. पत्राचा मुख्य मजकूर तोच होता. बाकीची दोन पाने तू उगाच भाऊजींच्या शेऱ्यावर खर्ची घातलीस.

चतुर्थीला घरी आलास की त्यांच्याशी वाद मांडू नकोस. हातमोज्यांचा खर्च, मजुरीचा हिशेब आणि त्या मुठीचे रेखाचित्र त्यांच्यापुढे ठेव. त्यांना व्याख्यान ऐकवत नाही, हिशेब मात्र ते शेवटच्या आकड्यापर्यंत वाचतात. रेखाचित्राची एक नक्कल माझ्यासाठीही आण.

तुझा,
मामा