पुणे–नागपूर : रात्रीच्या वाटा (भाग ३)

बुधवार, पुणे स्टेशन

भाऊबीज उरकून सगळा विदर्भ पुण्याकडे परतायच्या घाईत आहे आणि मी उलट दिशेनं निघालोय. म्हणून तर महाराष्ट्र एक्स्प्रेसचं स्लीपरचं तिकीट हाती लागलं, तेही आरएसी. भाडं पाचशेच्या आतबाहेर. आरएसी म्हणजे साइड लोअरच्या एका बर्थवर दोघं. सांगलीहून आलेला जोडीदार मनमाडपर्यंत गुडघ्याला गुडघा लावून बसला. तो उतरल्यावर पाय पसरले.

गुरुवार, गाडीत

भुसावळला चहा, शेगावला कचोरी. कचोरीवाला डब्यात चढतो आणि एका हातानं कागद, दुसऱ्या हातानं कचोरी अन् तळलेली मिरची देत गाडी हलायच्या आत चार कप्पे उरकून खाली उतरतो. सुटे पैसे नसतील तर तो थांबत नाही.

स्लीपरचं खरं सुख झोपेत नाही, उठता येण्यात आहे. दारापाशी उभं राहा, बेसिनवर तोंड धुवा, समोरच्या बाकावर जाऊन राजकारण ऐका. संडास कसाही असो, असतो. पण नागपूर यायला दुपार टळते. म्हणजे रात्रही गाडीत आणि दिवसही. ज्याचा रोज बुडतो त्याच्या हिशेबात हे तिकीट तेवढं स्वस्त राहत नाही. गरीबरथ वेगवान आहे, पण ती ठरावीक वारीच.

शुक्रवार, नागपूर

परतीच्या तिकिटाचा दिवस. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारच्या जागा तेव्हाच संपलेल्या. वेटिंगवर पूर्वी लोक खुशाल डब्यात चढत, आता स्लीपरमध्ये तेही चालत नाही. स्लीपरचं तत्काळ अकराला उघडलं; ओटीपी येईपर्यंत आटोपलं होतं.

रेल्वे स्वस्त आहे खरी, पण दोन महिने आधी आपली रजा ठाऊक असलेल्यांना. बाकीच्यांना बस. तिचं भाडं मोबाइलवर सकाळी २२००, संध्याकाळी २६००. एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या दीडपटीहून जास्त भाडं खासगी बसला घेता येत नाही, असा सरकारी निर्णय २०१८ पासून आहे. दिवाळीत तो कुठे दडून बसतो, कुणास ठाऊक.

शनिवार रात्र, बसमध्ये

वरचा बर्थ, रेक्झिनची गादी, वासाचं ब्लँकेट. सरळ बसलं तर डोकं छताला लागतं. आत शिरल्या शिरल्या मी काच फोडायची हातोडी कुठे आहे ते पाहिलं. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. तेव्हापासूनची ही सवय. हातोडी होती, ड्रायव्हरच्या मागे, प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून बांधलेली. क्लीनरला म्हटलं, ही सुटणार कशी? तो म्हणाला, "लोकं नेतात ना साहेब."

खालच्या बर्थवर साठीच्या एक काकू होत्या. संध्याकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. बस ढाब्यावर थांबली ती साडेअकराला. बायकांसाठी एकच संडास आणि त्यापुढे ही रांग. क्लीनर ओरडतोय, "दहा मिनिटं, दहा मिनिटं!" समृद्धीवर गाडी गुळगुळीत धावली हे मात्र कबूल. संभाजीनगरपर्यंत मला झोप लागली, त्यापुढे नगर रस्त्यानं ती काढून घेतली.

रविवार, वाघोली

सकाळी आठ. पुणे समोर, पण वाघोलीच्या कोंडीत पाऊण तास. शेवटी खराडीला उतरवलं. एव्हाना सोमवारची रजा वाचल्याच्या आनंदात अर्धी बस ऑफिसच्या ग्रुपवर टाइप करत होती.

काकूंची पिशवी डिकीतून काढून दिली. मुलानं हट्टानं स्लीपर बुक केली होती म्हणाल्या. "एसटीत बायांले अर्धं तिकीट हाय. वाटेत स्टँड लागते, उतरता येते. त्याले म्हटलं, तर म्हणे आई, बसून बसून कंबर जाईल."

रेल्वेचं विचारलं. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती पुन्हा सुरू झाली नाही, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

"परतीले मी वाकडेवाडीवरून एसटीच धरीन. संभाजीनगरले बदलीन. तिथं भाचीकडे एक रात्र राहते अन् मग पुढं. मले कोणती घाई हाय?"

मग मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "तेवढा टाइम पाहून दे बाबा, पोरगा यायच्या आधी."