मधला आवाज

गेल्या पावसाळ्यात एका माजी विद्यार्थ्याने ध्वनिमुद्रण पाठविले. “जयभीम सर, यात शब्द नाहीत, तरी ऐका.” तो हल्ली व्हायोला वाजवितो.

थॉमस टॅलिसने १५६७ च्या इंग्रजी स्तोत्रसंग्रहासाठी चार आवाजांच्या नऊ चाली रचल्या. मुख्य सूर आजच्यासारखा सर्वांत वर नसे. तो मधल्या टेनर आवाजाकडे असे. १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्तोत्रपुस्तकाचे संपादन करताना राल्फ व्हॉन विल्यम्स यांना त्यांपैकी तिसरी चाल भावली. १९१० मध्ये ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये तिचा तंतुवाद्यांसाठी केलेला विस्तार प्रथम वाजला.

शब्द गेल्यावर गायकवृंदाचे काय उरते? त्यांनी वादकांचे तीन गट केले: मोठा वृंद, नऊ जणांचा लहान वृंद आणि चौघे एकल वादक. मोठा वृंद बोलतो, नऊ जण दुरून उत्तर देतात. दगडी भिंतींतला प्रतिध्वनीच जणू स्वरलिपीत उतरला आहे. चाल प्रथम पूर्ण उमटते ती मधल्या-खालच्या तंतूंवर, आणि पुढे एकटी व्हायोला बोलू लागते.

तेथे मी थबकलो. याच मुलाचा आवाज फुटत असताना समूहगायनात मी त्याला म्हणालो होतो, “तू नुसते ओठ हालव.” त्याने वर्षभर तसेच केले. इतिहास शिकविणाऱ्या मला ते आठवायलाही व्हायोला लागावी!

तो भाग मी पुन्हा लावला. त्याला उत्तर लिहायला तीन दिवस लागले.