जुने इंजिन

उज्जयिनी म्हटले की परगावच्या मराठी माणसाला महाकालेश्वर आठवतो, क्षिप्रेचा घाट आठवतो. आम्हां फ्रीगंजकरांना मात्र प्रथम आठवतो तो टावर चौक. सायंकाळ झाली की त्या घड्याळाच्या मनोऱ्याभोवती खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात, साबूदाण्याच्या खिचडीचा दरवळ सुटतो आणि साऱ्या शहराचे जणू तेथेच काही काम निघते. अशा भर गर्दीच्या वेळी, गेल्या वैशाखात, आमच्या मोटारीने ह्याच चौकात प्राण सोडला.

मोटार खरे म्हणजे आमची नव्हे, आमच्या नानांची. १९८४ साली त्यांनी ती घेतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही पद्मिनी. मूळ नमुना इटलीच्या फियाटचा. चार सिलिंडरांचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि सुकाणूपाशीच बसविलेला गिअरचा दांडा, हे तिचे वैशिष्ट्य. ह्या गाड्यांचे उत्पादन थांबून आता दोन तपे लोटली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीनेही निरोप घेतला. नानांची पद्मिनी मात्र दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून आमच्या दारात उभी होती. नानांना आता नीट दिसत नाही, म्हणून ते ती चालवीत नाहीत; पण दर रविवारी फडके घेऊन तिला पुसल्यावाचून त्यांना चैन पडत नाही.

त्या दिवशी आम्ही आमच्या कन्येला घेऊन देवासहून परतत होतो. वाटेत ती म्हणाली, "बाबा, काटा लाल रेघेपाशी गेला आहे." आम्ही शिक्षक, ऐकविण्याची सवय मोठी, ऐकण्याची थोडी. आम्ही म्हणालो, "उन्हाळ्यात असे होतेच. टावरपर्यंत तर पोहोचू!" टावरपर्यंत पोहोचलो खरे, पण बॉनेटमधून वाफेचे लोट निघू लागले. रसवाल्याने आपुलकीने एक बादली पुढे केली. कन्या म्हणत होती, "बाबा, थोडे थांबा." भोवती माणसे जमली होती, मागून भोंगे वाजत होते, आणि सर्वांदेखत आपण काहीतरी करीत आहो हे दाखविणे आम्हांस आवश्यक वाटले. आम्ही ती थंड पाण्याची बादली तापलेल्या इंजिनावर ओतली. आतून 'टक्' असा बारीक आवाज आला. तो आम्ही ऐकला, कन्येनेही ऐकला.

गाडी ढकलीत उस्तादांच्या गॅरेजात नेली. उस्ताद वृद्ध, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली, पण हात अजून स्थिर. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "माटसाब, पानी कब डाला? गरम में या ठंडा होने पर?"

"थंड झाल्यावर," आम्ही म्हणालो.

कन्येने आमच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. घरी नानांना आम्ही एवढेच सांगितले, की इंजिन जुने झाले होते, कधीतरी जायचेच ते.

दोन दिवसांनी उस्तादांनी हेड उतरविले आणि मुक्काम पोस्ट विवंचना असा आमचा पत्ता झाला. गॅस्केट जळाले होते आणि एका सिलिंडरच्या भिंतीवर खोल ओरखडे उठले होते. आमच्यापुढे तीन मार्ग होते. पहिला, हेच इंजिन पुन्हा बांधावे. खर्च अदमासे ४५ हजार. दुसरा, मोडीत निघालेल्या एखाद्या गाडीचे इंजिन आणून बसवावे. खर्च ३० हजार, मात्र इंजिनाचा क्रमांक बदलणार म्हणून परिवहन कार्यालयाची संमती घेऊन नोंदणीपुस्तकात तशी दुरुस्ती करून घ्यावी लागणार. तिसरा, गाडीच भंगारात द्यावी. कन्येच्या पुढील वर्षीच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी आम्ही काही रक्कम बाजूला काढून ठेवली होती, आणि कोणताही खर्च म्हटला तरी त्याच रकमेला हात लागणार होता.

आमचा कल दुसऱ्या मार्गाकडे होता. १५ हजार वाचतात, ही गोष्ट शिक्षकाच्या घरी लहान नव्हे. पण उस्ताद म्हणाले, ते इंजिन का मोडीत निघाले हे कोणाला माहीत? तुमच्या इंजिनाचे दुखणे निदान डोळ्यांपुढे तरी आहे. शिवाय नवे असो की जुने, रेडिएटर तर हाच राहणार! त्याच्या नळ्या क्षाराने तुंबल्या आहेत. त्या साफ केल्या नाहीत, तर दुसरे इंजिनही ह्याच चौकात उकळेल.

हे बोलणे आमच्या मनात घर करून राहिले. वर्गात आम्ही मुलांना शिकवितो, की पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिच्यातील जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा गाडी चालविण्याच्या कामी येतो. उरलेली धुरावाटे आणि थंड करणाऱ्या पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. पाण्याची वाट अडली की ती सारी धातूत साठते. लोखंडी ब्लॉक आणि त्यावरील ॲल्युमिनियमचे हेड सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. मग हेड वाकते, गॅस्केट जळते. आणि अशा तप्त धातूवर एकाएकी थंड पाणी पडले, तर तो तडकतो. हे सारे आम्हांस पाठ होते. केवळ त्या सायंकाळी आठवले नाही, इतकेच.

उस्ताद ब्लॉक दुसऱ्या दिवशी बोअरिंगसाठी लेथवाल्याकडे पाठविणार होते. त्या रात्री कन्या अभ्यास सोडून आमच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, ब्लॉकला तडा गेला असला तर बोअरिंगचे पैसे वाया जातील ना?" आम्ही म्हणालो, "जातील." ती म्हणाली, "मग उस्तादांना ते ठाऊक असायला हवे." एवढे बोलून ती उठून गेली. तिने आमच्यावर ठपका ठेवला नाही. ठेवला असता, तर झोप तरी लागली असती.

सकाळी चहाच्या वेळी आम्ही नानांपुढे सारे कबूल केले: लाल काटा, बादली, 'टक्' असा आवाज आणि उस्तादांशी बोललेले खोटे. नाना बराच वेळ बशीतला चहा फुंकीत राहिले. मग म्हणाले, "अरे, आधी उस्तादांकडे जा. माझ्यापाशी काय बसतोस?" आम्ही उठलो, तेव्हा मागून आवाज आला, "आणि त्यांना सांग, सिलिंडर एकदा बोअर झालेले आहेत. १९९३ साली मीही ती अशीच तापविली होती. तुझ्या आईला मी अजून सांगितलेले नाही." आतून आईचा आवाज आला, "मला त्याच दिवशी कळले होते!"

उस्तादांनी आमचे ऐकून घेतले आणि रागावण्याऐवजी हसले. "पहले नापो, फिर सोचो," असे म्हणून त्यांनी कामाला हात घातला. पिस्टनच्या माथ्यावरील कोरीव आकडा पुसून त्यांनी दाखविला. पिस्टन मूळ मापाहून १ मिलिमीटर मोठे होते. नानांचे म्हणणे खरे ठरले: आणखी बोअर करण्यास भिंतीत जाडी उरली नव्हती. मग ब्लॉकच्या पाणवाटा बंद करून आत दाबाने पाणी भरले आणि आम्ही सारे श्वास रोखून पाहत राहिलो. ब्लॉक कोरडा राहिला. हेडची पाळी आली, तेव्हा मात्र दोन व्हॉल्व्हांच्या मधल्या जागी पाण्याचा एक थेंब फुटला. तो 'टक्' तेथला होता.

आता निर्णय कठीण राहिला नाही. हेड बदलावे, ब्लॉक राखावा, सिलिंडरांत नव्या स्लीव्ह बसवून मूळ मापाचे पिस्टन घालावेत आणि सर्वांआधी रेडिएटर स्वच्छ करावा. दुरुस्ती की बदल, असा प्रश्न आम्ही साऱ्या इंजिनापुरता विचारीत होतो. तो एकेका भागापुरता विचारावयास हवा होता. खर्च ५० हजारांवर गेला. कन्येच्या रकमेला आम्ही हात लावणार होतो, तोच नानांनी आपल्या ठेवीतले पैसे पुढे केले आणि वर म्हणाले, "माझ्या वेळचा दंड बाकी होता."

ह्याच आमच्या नगरीत राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी १८ व्या शतकात महाकालेश्वराचे मंदिर नव्याने उभारले, कारण तेथे राखण्याजोगे फारसे उरले नव्हते. त्याच शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहांनी बांधलेली वेधशाळा पुढे मोडकळीस आली, तेव्हा माधवराव शिंद्यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला. तेथील सम्राटयंत्राची सावली अजूनही वेळ सांगते. कोठे नवे उभारावे आणि कोठे जुने सावरावे, ह्याला एकच नियम नाही. पण आधी खरी मोजणी झाली पाहिजे, आणि जेथे कोणी खोटे बोलले आहे तेथे खरी मोजणी होऊच शकत नाही, एवढे आम्ही शिकलो.

आषाढात गाडी पुन्हा सुरू झाली. पहिल्या फेरीला नानांना पुढे बसवून आम्ही टावर चौकात गेलो. रसाचा हंगाम सरला होता. त्या जागी भुट्टेवाला उभा होता. नाना कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकत होते. म्हणाले, "सूर लागला आहे." मागच्या बाजूने कन्येने वाकून पाहिले आणि विचारले, "बाबा, काटा?"

आम्ही निमूटपणे काटा पाहिला आणि तिला सांगितला.